हलक्या रायफल-गोळीसाठी दारूची निवड

रायफलचे काडतूस हाताने भरताना (हँडलोडिंग) नळीच्या त्या व्यासाला नेहमी असते त्यापेक्षा बरीच हलकी गोळी घ्यायची ठरली, की तिच्यामागे कोणती धूररहित दारू घालायची हा प्रश्न नव्याने सोडवावा लागतो. त्याचे ठोकळ उत्तर असे : गोळी जितकी हलकी, तितकी दारू भरभर जळणारी हवी. नवशिक्याला हे उलटे वाटते. हलकी गोळी जास्त वेगाने जाते, जास्त वेगासाठी पुंगळीत (काडतुसाच्या पितळी कवचात) जास्त दारू लागते आणि जास्त मावते ती सावकाश जळणारी, असा त्याचा हिशेब असतो. त्यातली पहिली दोन विधाने बरोबर आहेत. तिसऱ्याने घोटाळा होतो.

‘हलकी’ हा शब्द इथे व्यासाच्या तुलनेत घ्यायचा. गोळीचे आणि दारूचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६४८ ग्रॅम. (हा ग्रेन वजनाचा. दारूच्या दाण्याशी त्याचा संबंध नाही; एका ग्रेनमध्ये पुष्कळ दाणे असू शकतात.) ५५ ग्रेनची गोळी .२२३ रेमिंग्टन या काडतुसात अगदी नेहमीची, पण .३०-०६ स्प्रिंगफील्डमध्ये ११० ग्रेनचीही हलकी ठरते, कारण त्या काडतुसात १५० ते १८० ग्रेन ही रोजची वजने. तुलनेसाठी पौंडातले वजन इंचातल्या व्यासाच्या वर्गाने भागतात. या भागाकाराला छेद-घनता म्हणतात. .३०८ इंच व्यासाच्या १८० ग्रेन गोळीची छेद-घनता ०.२७१, तर ११० ग्रेनची ०.१६६ येते. मागून ढकलणाऱ्या वायूला गोळी किती अडवून धरेल, याचा हा आकडा चांगला अंदाज देतो.

अडवण्याला एवढे महत्त्व असण्याचे कारण दारूच्या स्वभावात आहे. धूररहित दारू ठरावीक गतीने जळत नाही. भोवतीचा दाब वाढला की तिचे जळणे वेग घेते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएल याने १८८४ मध्ये पहिली यशस्वी धूररहित रायफल-दारू तयार केली आणि दाब व ज्वलनवेग यांचे नाते सूत्रात बांधले. ते सूत्र आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. दाबाने जळणे वाढते, वाढत्या जळण्याने वायू वाढतो आणि वायूने पुन्हा दाब. या चक्राला आवर घालणारी गोष्ट एकच, ती म्हणजे पुढे सरकणारी गोळी. ती सरकते तशी तिच्यामागची जागा वाढते आणि दाब उतरू लागतो.

जड गोळी जागची हलायला वेळ घेते. तेवढ्यात सावकाश जळणारी दारूही पुरेशी तापते, दाब चढतो आणि चक्र नीट फिरू लागते. हलकी गोळी मात्र थांबत नाही. तिचे जडत्व कमी, नळीतल्या आट्यांवर (गोळीला फिरवणाऱ्या पेचदार खाचांवर) घासणारी लांबीही बहुधा कमी, म्हणून आट्यांत रुतताना होणारा विरोधही कमी. सावकाश दारू अजून पेट घेत असते तोवर जागा वाढलेली असते. दाब हवा तिथवर पोहोचत नाही, म्हणून जळणे मंदावते. जळणे मंदावते, म्हणून दाब आणखी मागे राहतो. नळीत न जळलेले दाणे सापडणे, तोंडाशी मोठा जाळ दिसणे, एका गोळीपासून दुसरीपर्यंत वेगात बरीच तफावत पडणे ही त्याची लक्षणे. पुंगळीच्या मानेवर, कधी त्याखालीही, काजळी दिसते, कारण कमी दाबाने पितळ फुगून कोठीच्या (नळीत काडतूस बसते त्या जागेच्या) भिंतीला घट्ट बसत नाही आणि वायू मागे झिरपतो. अशा वेळी दारू वाढवावी म्हटले तर पुंगळीत जागा उरलेली नसते. काठोकाठ भरूनही दाब कमी आणि वेगही कमी, अशी ही कोंडी आहे.

म्हणून अतिशय भरभर जळणारी, पिस्तुलाच्या जातीची दारू घेतली तर? तिथे दाबाचा कळस फार लवकर आणि फार उंच येतो, मग झपाट्याने कोसळतो. गोळीला मिळणारी ऊर्जा कळसावर ठरत नाही. नळीच्या सबंध लांबीभर दाबाने जे काम केले त्याची ती बेरीज असते. रायफलच्या कमाल दाबाला मर्यादा आहे : अमेरिकेतील प्रमाणानुसार .३०-०६ साठी ६०,००० आणि .२२३ साठी ५५,००० पौंड प्रति चौरस इंच. ती न ओलांडता अशा दारूची अगदी थोडी मात्राच घालता येते, आणि थोड्या दारूतून वायूही थोडाच निघतो. शिवाय पुंगळी अर्धीअधिक रिकामी राहिल्याने चुकून दोनदा दारू पडली तरी डोळ्यांना कळत नाही. माझ्या मते या प्रकारातला सर्वांत मोठा धोका हाच आहे. कामाची दारू या दोन टोकांच्या मध्ये असते : कमाल दाब गाठताना पुंगळी बऱ्यापैकी भरलेली असावी आणि गोळी नळीबाहेर पडण्याआधी दारू जवळजवळ संपलेली असावी.

भरभर आणि सावकाश हे सारे सापेक्ष आहे. ज्वलनवेगाच्या छापील याद्यांत दारूंचा क्रम असतो, मोजमाप नसते. लागोपाठच्या दोन नावांत फरक किती, ते यादीवरून कळत नाही, आणि काडतूस बदलले की क्रमही थोडा हलतो. नावातल्या आकड्यांवर तर मुळीच विसंबू नये. आयएमआर या नावाने विकल्या जाणाऱ्या मालिकेतील काही दारू भरभरीकडून सावकाशीकडे मांडल्या तर ४२२७, ४१९८, ४८९५, ४०६४, ४३५०, ४८३१ असा क्रम लागतो. आकडे मधेच वर जातात, मधेच खाली येतात. एकच आकडा दोन कंपन्यांच्या डब्यांवर असला तरी माल एकच असतो असे नाही. आयएमआर ४८३१ आणि हॉजडनची एच ४८३१ यांच्यात आयएमआरची भरभर जळते, म्हणून एकीची मात्रा दुसरीला वापरणे धोक्याचे.

.३०-०६ मध्ये या क्रमाचा अर्थ सरळ दिसतो. १८० ग्रेनच्या गोळीला ४३५० च्या आसपासची दारू मानवते, १५० ग्रेनला ४८९५ किंवा ४०६४, आणि ११० ग्रेनकडे जाताना निवड आणखी एखादी पायरी भरभरीकडे सरकते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने १५० ग्रेनच्या जवळपासच्या गोळीसाठी ४८९५ वापरली. युद्धानंतर तिचा उरलेला साठा नागरी बाजारात आला आणि घरी काडतुसे भरणाऱ्यांच्या हाती पहिल्यांदाच एवढी स्वस्त, मधल्या वेगाची दारू पडली.

दाण्याच्या घडणीचाही वाटा असतो. दाणा पृष्ठभागाकडून थराथराने जळतो. त्यामुळे भरीव गोल दाण्याचे जळते क्षेत्र घटत जाते, एका भोकाच्या नळीवजा दाण्याचे साधारण तेवढेच राहते आणि सात भोकांच्या दाण्याचे वाढत जाते. वर मंदकाचा थर देऊन सुरुवातीचे जळणे दाबून ठेवतात. असा जाड थर दिलेली गोल दाण्यांची दारू पेटायला हट्टी असते आणि तिला काहीसा दाब लागतो. हलक्या गोळीच्या मागे नेमका तोच कमी पडतो. म्हणून काही वेळा जोरदार (मॅग्नम) प्राइमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, सुचवतात, पण प्राइमर बदलला की मात्रा खालून पुन्हा वाढवत न्यावी लागते.

नियमाला अपवाद मोठ्या पुंगळीच्या आणि बारीक नळीच्या काडतुसांचे. १९३५ मध्ये आलेली .२२० स्विफ्ट ४८ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे १,२५० मीटर वेगाने सोडते, आणि १९७१ च्या .१७ रेमिंग्टनची गोळी तर अवघी २५ ग्रेनची. इथे वजन कमी असले तरी पुंगळीतल्या दारूच्या मानाने नळीचे भोक इतके अरुंद, की जागा वाढायला वेळ लागतो. म्हणून मधल्या, कधी मध्यमाहून सावकाश दारूही नीट जळतात. वजनाबरोबर पुंगळी आणि नळी यांच्या आकारमानांचे गुणोत्तरही पाहायचे ते यासाठी. या गोष्टीची दुसरी बाजू रेमिंग्टन कंपनीच्या १९७७ च्या ‘अ‍ॅक्सेलरेटर’ काडतुसात दिसली : .३०-०६ च्या रुंद नळीतून .२२४ इंचाची ५५ ग्रेन गोळी प्लॅस्टिकच्या आवरणात बसवून सेकंदाला सुमारे १,२४० मीटरने सोडलेली.

हलकी गोळी आणि हलकी मात्रा यांची गल्लत फार होते. सराव किंवा कमी धक्का हवा म्हणून मात्राच घटवायची असेल तर प्रश्न वेगळा होतो. मोठ्या पुंगळीत सावकाश दारू तळाशी थोडीशी ठेवली तर क्वचित दाब एकदम भडकून रायफल फुटल्याचे नोंदले गेले आहे. कारणाबद्दल एकमत नाही. प्राइमरच्या झटक्याने गोळी आट्यांत अडकते आणि मग पेटलेल्या दारूला ती नळीत बसवलेल्या बुचासारखी भेटते, हे एक स्पष्टीकरण. म्हणून सावकाश दारू छापील किमान मात्रेखाली नेत नाहीत. घटवायला चालणाऱ्या दारू मोजक्या आहेत. हॉजडन कंपनी एच ४८९५ साठी तक्त्यातील कमाल मात्रेच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली जायला मुभा देते; ही सवलत त्या एका दारूची आहे, तिच्या शेजारणींची नाही.

दारू बरोबर निवडूनही हलकी गोळी बिघडू शकते. पातळ आवरणाची गोळी सात इंचात एक पीळ असलेल्या नळीतून सेकंदाला १,१०० मीटरने निघाली तर ती मिनिटाला सुमारे ३,७०,००० फेरे घेते, आणि काही गोळ्या एवढ्याने हवेतच फुटतात. सबंध तांब्याच्या गोळ्यांचा हिशेब निराळा. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, पुंगळीतली जागा खाते आणि आट्यांवर जास्त घासते. वजन हलके असले तरी ती शिशाच्या हलक्या गोळीसारखी वागत नाही. तिची मात्रा तिच्यासाठी छापलेल्या तक्त्यातूनच घेतात.

नळी आखूड असेल तर दारू आणखी भरभरीची घ्यावी, हा सल्लाही वारंवार ऐकू येतो. तो बहुधा लागू पडत नाही. दाबाचा कळस कोठीपासून थोड्याच अंतरावर येतो आणि बहुतेक दारू नळीच्या पहिल्या भागातच जळते. म्हणून एखाद्या गोळीला लांब नळीत जी दारू सर्वाधिक वेग देते, तीच बहुधा आखूड नळीतही देते, फक्त वेग घटतो आणि तोंडाचा जाळ वाढतो.