माजलेल्या टोमॅटोची बांधणी

वेळेवर आधार न मिळाल्याने सरीत लोळलेली, एकमेकांत गुंतलेली टोमॅटोची झाडे न मोडता उचलून तार-काठीवर चढवण्याचे काम. पुणे जिल्ह्यात जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत टोमॅटोचे पीक मोठे असून त्याचा मुख्य बाजार नारायणगावला भरतो. मालाचा भाव 20 किलोच्या क्रेटवर ठरतो. मातीला टेकलेले फळ डागी निघते आणि क्रेट मागे पडतो, म्हणून उशिरा का होईना, बांधणी करावीच लागते.

एरवी हे काम लागवडीनंतर महिनाभरात, झाड फूट-दीड फुटाचे असताना उरकते. पावसाळी लागवडीत बहुधा वाफसा (जमीन कामाजोगी सुकणे) न आल्याने किंवा मजूर न मिळाल्याने ते लांबते. त्यात युरिया जास्त पडला असेल तर पेरे (खोडावरच्या दोन पानांमधले अंतर) लांबतात, बगलफूट म्हणजे पानाच्या बेचक्यातला फुटवा सुटतो आणि खोड पोकळ-ठिसूळ होते. अशा झाडाला नत्र थांबवल्याशिवाय हात लावण्यात अर्थ नाही.

सांगाडा आधी उभा करावा. ओळीच्या दोन्ही टोकांना 7-8 फुटी डांब (जाड खांब) 2 फूट गाडून, किंचित बाहेर झुकवून, पुरलेल्या दगडाला ताण देतात. मधे दर 8 फुटांवर 6-7 फुटी बांबू. 5 फुटी सरीत एकरी सुमारे 1,100 बांबू लागतात आणि 16 गेज तारेच्या प्रत्येक पदराला (ओळीभर ताणलेली एक तार) 42-43 किलो तार. टोकाच्या डांबांवर काटकसर करू नये. पावसाने भिजलेल्या ओळीचा सगळा भार त्यांच्यावरच येतो आणि एक डांब कलला की अख्खी ओळ आडवी होते. बांबूसाठी पहारीने भोक पाडताना ठिबकची नळी बाजूला सारावी. खोडापासून वीतभर अंतर ठेवावे, कारण एवढ्या वाढलेल्या झाडाची मुळे पसरलेली असतात.

उचलण्याच्या आदल्या दिवशी पाणी बंद ठेवतात. सकाळी पाण्याने भरलेली फांदी काडकन मोडते. तीच दुपारी, दव सुकल्यावर, लवते. भिजल्या झाडांत शिरल्यास करपा या बुरशीच्या रोगाचे बीजाणू हातांनी, कपड्यांनी ओळभर पसरतात. तंबाखू मळलेला हात साबणाने धुऊनच काम धरावे, त्यातून मोझॅक विषाणू झाडात जाऊ शकतो. बांधावर ही सूचना कोणालाच आवडत नाही.

पहिली छाटणी खालून करावी. जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची, मातीला टेकलेली आणि करपलेली पाने काढावीत. पहिल्या फुलगुच्छाच्या लगेच खालची बगलफूट राखावी, तिच्याखालच्या काढाव्यात. शेतातले बरेच संकरित वाण मर्यादित वाढीचे (ठरावीक उंचीनंतर शेंडा थांबणारे) असल्याने वरच्या फुटव्यांवरच माल असतो. तिथे कात्री चालवली की उत्पन्नच कापले जाते. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाला काढू नये. अचानक उघड्या पडलेल्या हिरव्या फळांवर पांढरे, कागदासारखे चट्टे उठतात. पूर्व-पश्चिम ओळीत ऑक्टोबरच्या उन्हासाठी दक्षिणेकडचा पाला राखणे हाच त्यावर उपाय.

लोळलेल्या फांदीचा शेंडा आपणहून वर वळलेला असतो. फांदी एकदम सरळ उभी केली तर तो वळणावरच तडकतो. म्हणून ओळीच्या दोन्ही बाजूंनी तार किंवा सुतळी घालून झाडांना मधे धरतात, पहिल्या दिवशी फूट-सव्वा फुटापर्यंत उचलतात, आणि शेंडे सावरल्यावर तीन-चार दिवसांनी दुसरा पदर 3 फुटांवर, पुढे तिसरा साडेचार फुटांवर चढवतात. दोघांनी समोरासमोर केलेले काम निम्म्या मोडतोडीत होते. मातीला चिकटलेल्या खोडाला कधी पांढरी मुळे फुटलेली दिसतात. ती उपटू नयेत. तेवढा भाग तसाच लोळू द्यावा आणि तिथून पुढची फांदी उचलावी.

एकेक फांदी बांधायची झाल्यास सुतळीचा आठच्या आकड्यासारखा फेरा घालावा, एक वेढा काठीला आणि एक फांदीला. फांदीभोवती बोट सहज फिरले पाहिजे. ताग भिजला की आवळतो आणि प्लॅस्टिकची बारीक दोरी वाऱ्यात खोड कापते. गाठ पानाच्या बेचक्याखाली येते, फळांच्या घोसाच्या देठाखाली कधीच नाही.

फांदीची बगल चिरली तर लगेच जुळवून सुतळीने गुंडाळावी. दुसऱ्या दिवशी दुपारीही शेंडा माना टाकून असेल तर फांदी कापून टाकलेली बरी. काम संपल्यावर जखमांसाठी कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला 2.5 ग्रॅम फवारतात. पाणी पुन्हा सुरू करताना थोडे थोडे द्यावे. ताणानंतर एकदम भरपूर पाणी दिले की पिकत आलेली फळे तडकतात, आणि ओल सतत वर-खाली होत राहिली तर कॅल्शियम न पोचल्याने फळाचे खालचे टोक काळे पडते.