लिनक्सवर नवीन लॅन कार्ड न चालणं

लिनक्स, फ्रीबीएसडी अशा युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमवर नवीन लॅन कार्ड लावलं आणि नेट आलं नाही, तर घोडं नेमकं कुठं अडलं ते खालच्या पायरीपासून वर शोधत जायचं असते. विदर्भातल्या खेड्यांत ही वेळ नेहमीच येते, कारण मे-जूनमध्ये वीज कडाडली की बाहेरून आलेल्या केबलमधून झटका येतो आणि मदरबोर्डवरचा लॅन पोर्ट जळतो, बाकी कॉम्प्युटर ठणठणीत, मग ग्रामपंचायतीत नाहीतर झेडपीच्या शाळेत स्वस्तातलं पीसीआय एक्सप्रेस कार्ड आणून लावतात. ते नाही चाललं की गावातलं पोट्टं पहिले फॉरमॅटच मारते. हे करू नका, खरंच करू नका, फॉरमॅटनं यातले बहुतेक दोष जात नाहीत आणि डेटा मात्र जातो.

आधी कार्ड दिसते का ते पाहा. लिनक्समध्ये एलएसपीसीआय (lspci) ही कमांड जोडलेल्या कार्डांची यादी देते, तिच्यात इथरनेट कंट्रोलरची, म्हणजे लॅनच्या चिपची, ओळ हवी. नसली तर मशीन बंद करून प्लग काढा, स्लॉट साफ करा (जिनिंगजवळच्या गावांत कॅबिनेटमध्ये कापसाचे तंतू भरून असतात), आणि कार्ड नीट दाबून बसवा. जळालेला जुना पोर्टही कधीकधी यादीत दिसत राहतो आणि माणूस त्याच्याच मागे लागतो, म्हणून तो बायोसमधून, म्हणजे मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमधून, बंद केलेला बरा.

कार्ड दिसलं पण ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) नाही, असं असलं तर याच एलएसपीसीआय कमांडला के (-k) हा पर्याय जोडला की कोणता ड्रायव्हर लागला ते कळते, आणि दोनदा एन (-nn) जोडला की चिपचा नंबर. त्या नंबराचा पहिला भाग कंपनी सांगतो, १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. शोध या नंबरानं घ्या, खोक्यावरच्या नावानं नाही. रिअलटेक ८१६८ चिप असली तर आर८१६९ हा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो. डीमेसेज (dmesg) या कमांडनं दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये भरायचा छोटा प्रोग्राम, मिळालं नाही अशी तक्रार दिसली तर त्याचं पॅकेज टाकावं लागते. डेबियन या लिनक्सनं २०२३ च्या आवृत्ती १२ पासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच दिलं, त्याआधी ते वेगळं आणावं लागे. नेटच नाही तर आणायचं कुठून? मोबाईल यूएसबीनं जोडून टेदरिंग (फोनचं नेट कॉम्प्युटरला देणं) चालू करा, बहुतेक अँड्रॉइड फोन लिनक्सला लगेच कळतात.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते नावात. पूर्वी पहिल्या कार्डाचं सिस्टिममधलं नाव इथ० (eth0) असायचं, २०१३ पासून सिस्टिमडीनं (लिनक्स चालू करून सांभाळणारा प्रोग्राम) जागेवरून नाव द्यायला सुरुवात केली, म्हणजे ईएनपी३एस० (enp3s0) हे पीसीआयच्या ३ नंबरच्या बसवरचं, ० नंबरच्या स्लॉटमधलं कार्ड. नवीन कार्ड दुसऱ्या जागी बसलं की नाव नवीन, पण सेटिंगच्या फाईलमध्ये जुनंच नाव पडून राहिलेलं असते, म्हणून कार्ड चांगलं, ड्रायव्हर चांगला, तरी सिस्टिम बिचारी नसलेल्या कार्डाला शोधून राहिली. आयपी लिंक (ip link) ही कमांड मारून खरं नाव पाहा आणि फाईलमध्ये तेच लिहा. फ्रीबीएसडीत नाव ड्रायव्हरवरून पडते, रिअलटेकचं आरई० आणि इंटेलचं बहुतेक ईएम०.

मग केबल. आयपी लिंकमध्ये नो-कॅरिअर दिसलं किंवा एथटूल (ethtool) या कमांडनं लिंक नाही म्हटलं, म्हणजे केबलच्या पलीकडून सिग्नलच नाही, तर आयपीशी खेळत बसू नका, केबल नाहीतर स्विचचा पोर्ट बदलून पाहा. १०० एमबीपीएसला १, २, ३, ६ या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही, त्यामुळे उंदरानं बाकीच्यांतली एखादी तार कुरतडली तर काही कार्डं १०० वर उतरतात आणि काही लिंकच धरत नाहीत.

लिंक आहे पण पत्ता १६९.२५४ नं सुरू होते, म्हणजे डीएचसीपीकडून, म्हणजे आपोआप आयपी पत्ता वाटणाऱ्या सेवेकडून (बहुतेक राउटरमध्येच असते), उत्तरच आलं नाही. पिंग (एखाद्या पत्त्याकडून उत्तर येते का ते पाहणारी कमांड) करताना १२७.०.०.१ चं, म्हणजे कॉम्प्युटरचं स्वतःलाच, उत्तर आलं म्हणून खुश होऊ नका, ते पॅकेट कार्डापर्यंत जातच नाही, स्वतःच्या आयपीचंही तेच. राउटरला पिंग करा, मग बाहेरच्या नेटवरच्या ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला. तेही चाललं आणि फक्त वेबसाइट उघडत नसल्या तर दोष बहुतेक डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या सेवेचा.

आयपी कमांडनं हातानं दिलेला पत्ता रीबूटनंतर राहत नाही, आणि आपल्याकडे लाइन दिवसातून कितीदा जाते ते सांगायला नको. म्हणून चाललेली सेटिंग नेटवर्क मॅनेजरमध्ये किंवा डेबियनच्या इंटरफेसेस फाईलमध्ये, फ्रीबीएसडी असेल तर आरसी.कॉन्फमध्ये लगेच लिहून टाका, आणि यूपीएसच्या भरवशावर न राहता एकदा मुद्दाम रीबूट करून पाहा.