कॅरिबू शिकारीची बांधाबांध (अलास्का)

अलास्काच्या उत्तर भागात जिथे गाडीरस्ता पोचत नाही, तिथे छोट्या विमानाने उतरायचे, आठ-दहा दिवस तंबू ठोकून राहायचे आणि कॅरिबूची शिकार करून मांसासह परतायचे, अशी एक रूढ पद्धत आहे. तिच्यासाठी सामान निवडण्याची आणि बांधण्याची ही रीत. कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतला रानटी रेनडियर. या शिकारीचा मोसम मुख्यतः ऑगस्ट-सप्टेंबरचा. ब्रूक्स पर्वतरांग आणि कॉट्झेब्यूच्या आसपासचा टुंड्रा हे तिचे नावाजलेले मुलूख.

सगळी बांधाबांध वजनकाट्यापाशी ठरते. पायपर सुपर कब हे इथले जुने, भरवशाचे विमान दोन माणसांचे. वैमानिकाच्या मागे एक प्रवासी, त्याच्या पाठीशी कोंबलेले सामान, संपले. त्यामुळे उड्डाणापूर्वी माणसालाच बुटांसकट काट्यावर उभे करतात आणि मग त्याच्या पिशव्या चढवतात. बंदूक सोडून साधारण वीस-बावीस किलोंची मुभा मिळते. मोठ्या बीव्हर विमानात जास्त. टणक पेट्या चालत नाहीत, कारण त्या विमानाच्या निमुळत्या शेपटीत शिरत नाहीत. गंमत अशी की मोठ्या प्रवासी विमानात बंदूक कुलूपबंद टणक पेटीतूनच न्यावी लागते. मग ती पेटी धावपट्टीवरच्या खोलीत ठेवायची आणि पुढे बंदूक कापडी खोळीतून न्यायची. चुलीचा गॅस आणि अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा यांना प्रवासी विमानात बंदी असल्याने ते शेवटच्या गावात विकत घेतात. फवाऱ्याचा डबा विमानात फुटला तर वैमानिक आंधळा होईल, म्हणून पुढच्या उड्डाणातही तो बऱ्याचदा बाहेर, पंखाच्या दांड्याला बांधतात.

टुंड्रावर झाड नाही. वाळुंजाच्या जातीची खुजी झुडपे तेवढी. ना आडोसा, ना भरवशाचे सरपण. म्हणून तंबू बुटका आणि भरपूर ताणदोऱ्यांचा, आणि चूल सोबतच. पाऊस आडवा येतो. सुती कपडे व जीन्स घरी ठेवावी. लोकर किंवा कृत्रिम धागा बरा. पिसांची झोपपिशवी हलकी खरी, पण भिजली की ऊब संपली. ओढे ओलांडायला मांडीपर्यंतचे रबरी बूट लागतात. गवताचे डुगडुगते ठोंब पावलागणिक घोटा मुरगळू पाहतात, त्यासाठी हातात काठ्या. विमानांत ठेवायच्या आपत्कालीन सामानाची यादी राज्याच्या कायद्याने घालून दिली, तीत कुऱ्हाड आणि गळाबरोबर माणशी एक डासांची जाळीही होती. ऑगस्टमध्ये तिथे गेलेल्याला यात विनोद दिसत नाही.

नवखा माणूस पाच सदरे घेतो आणि मांसाच्या पिशव्यांत काटकसर करतो. प्रौढ नराचे वजन १६० ते १८० किलो. हाडे काढूनही अर्धा क्विंटल किंवा जास्त मांस निघते. खेपेला २० किलो धरले तरी तीन खेपा होतात. तळ तीन किलोमीटरवर असेल तर ही पंधरा किलोमीटरची चाल झाली, त्यातली नऊ बोजा घेऊन. म्हणून पाठीवर ताठ चौकटीला बांधलेली पिशवी हवी आणि तळापासून लांब गोळी झाडायचा मोह आवरायला हवा. कायद्याने पुढचे-मागचे फरे, मान, छाती आणि कण्यालगतच्या पट्ट्या आणणे सक्तीचे आहे. काही विभागांत मांस हाडासकटच आणावे लागते. शिंगे मांसाच्या आधी हलवता येत नाहीत. पिशव्या हवा खेळेल अशा विणीच्या लागतात. प्लास्टिकमध्ये कोंडलेली ऊब मांस नासवते. झुडपांच्या फांद्या अंथरून त्यांवर पिशव्या सुट्या मांडतात, वर ताडपत्रीचे छप्पर बांधतात. माश्या बसू नयेत म्हणून काही जण मांसावर लिंबूसत्त्वाचे पाणी फवारतात. हा साठा तंबूपासून दूर, पण नजरेच्या टप्प्यात ठेवायचा, म्हणजे अस्वल आले तर आधी दिसते. बॅटरीवरचे विजेचे कुंपण नेणारेही आहेत.

शिधा ठरलेल्या दिवसांपेक्षा तीन-चार दिवस जास्तीचा घेतात. धुके उतरले की विमान येत नाही. उपग्रह-फोन चैनीत मोडत नाही. विमानाने उतरलेल्या दिवशी शिकार करता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतर मुभा. अमेरिकेच्या इतर राज्यांतल्या नागरिकाला कॅरिबूसाठी वाटाड्या सक्तीचा नाही. भारतीय पारपत्रावर गेलेल्याला मात्र परवानाधारक वाटाड्या घ्यावाच लागतो.

याच भागातल्या नोआटक नदीकाठचे इन्यूपियाक हे मूळ रहिवासी यातले फारसे काही बांधत नाहीत. ते मोटरबोटीने जातात आणि कळप नदी ओलांडतो तिथे थांबतात. विमाने कळपाची वाट मोडतात, अशी त्यांची जुनी तक्रार आहे. इथला ‘पश्चिम आर्क्टिक’ नावाचा कॅरिबूंचा कळप २००३ मध्ये ४,९०,००० होता. २०२३ मध्ये तो १,५२,००० वर आला. तिथल्या अमेरिकी केंद्र सरकारच्या जमिनींचा मोठा भाग बाहेरच्या शिकाऱ्यांना बंद झाला आहे, त्यामुळे पिशवी भरण्याआधी त्या वर्षीचा नकाशा पाहावा लागतो.