प्रेमळ सर, कडक सर आणि मधल्यामधे लपलेली 'सूट'

५ सप्टेंबर आला की आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर तोच वाद सुरू. अर्धे म्हणणार मास्तरला माया पाहिजे, अर्धे म्हणणार धाक पाहिजे, मग कोणीतरी साने गुरुजींचा फोटो टाकणार, कोणीतरी 'छडी लागे छमछम' टाकणार, दहा जण हात जोडणार आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या वर्गात जाऊन आधी जे करत होते तेच करणार. मी धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर बावीस वर्षं काढली आणि या वादाचा आता खरंच वीट आलाय, कारण माया नको म्हणणारे मायेवर चिडलेले नसतातच, ते चिडलेले असतात दुसऱ्याच एका गोष्टीवर, आणि माया पाहिजे म्हणणारे पण बऱ्याचदा त्या दुसऱ्या गोष्टीलाच माया समजून बसलेले असतात.

कडक सर सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळे त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही. छडी, अंगठे धरून उभं राहणं, कोंबडा, शाळाभर ऐकू जाणारा आवाज. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्या कलम १७ मधे शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही बंद केलेत, विषय संपला. तरी पालक सभेला एखादी माय येतेच, अहिराणीत सांगते, 'सर, पोऱ्या तुमना से, मारा पन शिकाडा', म्हणजे पोरगा तुमचाच आहे, मारा पण शिकवा. आणि एखादा शहरात सेटल झालेला माजी विद्यार्थी लिहितोच की आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो. भो, तू घडला म्हणून तर तू लिहितोय. तुझ्या शेजारी बसणारा तिसरीत शाळा सोडून ढोरं चारायला गेला, तो कुठं लिहिणार?

बाकी आवाज मोठा की बारीक, सर हसतात की नाही, पोरांना 'बेटा' म्हणतात की आडनावानं हाक मारतात, हे सगळं किरकोळ आहे. माझे एक सहकारी इतके मोठ्यानं बोलतात की शेजारच्या वर्गाचे पाढे थांबतात, आणि मधल्या सुट्टीत पोरं त्यांच्याच अंगावर लोंबकळलेली असतात. स्वभाव आहे तो, त्यावरून काहीच ठरत नाही.

आता खरा घोळ. पोराला समजून घेणं आणि पोराला सूट देणं, या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. दोन्हीत सर रागावत नाहीत, दोन्हीत पोरगं रडत नाही, दोन्हीत पालक खूश. मी स्वतः यात चांगला फसलोय म्हणून सांगतो.

चौथीत एक पोरगी होती. आईबाप ऊसतोडीला जाणारे, दिवाळी झाली की मुकादमाची गाडी आली, सगळं घर फडावर, होळीच्या आसपास परत. पोरगी मधले महिने शाळेत नाही. परत आली तेव्हा वर्ग हातच्याच्या वजाबाकीवर होता. तिला दिलं ३०२ वजा १७८. तिनं लिहिलं २७६. हे उत्तर कुठून येतं ते प्राथमिकच्या मास्तरला लगेच कळतं: तीनातून एक गेला दोन, शून्यातून सात जात नाही म्हणून सातातून शून्य वजा केला, सात, दोनातून आठ जात नाही म्हणून आठातून दोन वजा केले, सहा. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढायचा, वर कोण खाली कोण ते बघायचंच नाही. पोरीनं डोकं लावलं होतं, फक्त चुकीच्या नियमानं.

आणि मी काय केलं? चूक अशी खूण केलीच नाही. मनात म्हटलं एवढ्या हालातून आलीय बिचारी, शाळेत आली हेच खूप. वहीवर 'छान प्रयत्न' लिहिलं आणि पुढची वही घेतली. असं सलग दोन-अडीच आठवडे. घरी जाताना मला स्वतःबद्दल बरं पण वाटायचं, आपण कसे संवेदनशील शिक्षक वगैरे. मग एक दिवस वह्या वाटताना तिनं शेजारणीची वही बघितली, तिच्यावर लाल पेनानं 'चूक, पुन्हा कर' होतं, आणि मला हळूच विचारलं, 'सर, मनी वहीवर पुन्हा कर काबर नही लिखतस तुम्ही?' म्हणजे माझ्या वहीवर 'पुन्हा कर' का नाही लिहीत?

मला उत्तर सुचलं नाही. तिला जे कळलं होतं ते मला कळलं नव्हतं: शेजारणीला जमेल असं सर धरून चालतात आणि माझ्याबद्दल धरत नाहीत.

तर फरक असा आहे. समजून घेताना तुम्ही वेळ बदलता, जागा बदलता, भाषा बदलता, आधी काय आणि नंतर काय हा क्रम बदलता. सूट देताना तुम्ही उत्तर बदलता, २७६ पण चालेल म्हणता. त्या पोरीला खरं समजून घेतलं असतं तर पहिल्याच दिवशी तिच्याजवळ बसलो असतो, जे नंतर बसलो. खेळण्यातल्या नोटा घेतल्या. तुझ्याकडं शंभराच्या तीन नोटा आणि दोन सुटे रुपये, दुकानदाराला १७८ द्यायचेत, दे. ती म्हणे मोड नही. बरोबर, मोड नाही, मग काय करशील? तिनं शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा घेतल्या, त्यातली एक मोडून सुटे दहा घेतले, आता शंभराच्या दोन, दहाच्या नऊ, सुटे बारा. द्यायचे एक, सात, आठ. राहिले १२४. बाजारात ती हे आधीपासून करत होती, फक्त वहीतली वजाबाकी म्हणजे तेच हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. नोटांवरून वहीवर यायला आठ दिवस गेले. आठ दिवस रोज शाळा सुटल्यावर वीस मिनिटं, बस्स. त्यात तिच्याकडून मी मागितलं तेवढंच जेवढं शेजारणीकडून मागितलं होतं.

या 'छान प्रयत्न'चा मला तेव्हापासून इतका राग आहे की विचारू नका. त्याचे आता रबरी शिक्के मिळतात, 'छान', 'शाब्बास', 'उत्तम', हसरा चेहरा. वही उघड, ठप, वही बंद. पोरानं काय लिहिलंय ते वाचायची गरजच नाही.

आणि गंमत बघा, मार आणि सूट हे लोकांना दोन टोकं वाटतात, मला ते सख्खे भाऊ वाटतात. दोन्हीत मास्तरचं काम एका मिनिटात उरकतं. छडी मारली, झालं. 'राहू दे, त्याला नाही जमत', झालं. दोन्हीत वही परत येत नाही. समजून घ्यायचं तर पोराच्या घरी जावं लागतं, चूक कुठून आली ते शोधावं लागतं, तीच वही तीनदा तपासावी लागते. महाग काम आहे ते, म्हणून लोक स्वस्तातल्या दोन वस्तूंवर भांडत बसतात.

हे मी एकटाच म्हणतो असं नाही. १९७५ साली ज्युडिथ क्लाइनफेल्ड नावाच्या बाईंनी अलास्कात, म्हणजे अमेरिकेच्या पार वरच्या टोकाला, खेड्यांतून शहरातल्या शाळेत आलेल्या तिथल्या आदिवासी पोरांच्या शिक्षकांवरचा अभ्यास छापला. नंदुरबारकडच्या आश्रमशाळेत काम केलेल्या कोणालाही ते चित्र ओळखीचं वाटेल. त्यांनी शिक्षकांचे चार प्रकार पाडले. त्यात एक प्रकार नुसत्या प्रेमळांचा, पोरांची दया येते म्हणून त्यांच्याकडून काही मागतच नाहीत. ज्यांच्या हाताखाली पोरं खरंच शिकली ते शिक्षक जिव्हाळा लावणारे आणि त्याच जिव्हाळ्याच्या जोरावर काम करून घेणारे, आणि या प्रकाराला बाईंनी चक्क 'गुरू' हाच शब्द वापरलाय.

दुसरा एक प्रयोग अमेरिकेतलाच, २०१४ मधे छापून आलेला. सातवीच्या पोरांनी आपल्याला आदर्श वाटणाऱ्या माणसावर निबंध लिहिले, शिक्षकांनी नेहमीसारख्या दुरुस्त्या केल्या. मग काही वह्यांना एक चिठ्ठी लावली: माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू तिथपर्यंत पोचशील हे मला माहीत आहे, म्हणून या सूचना. बाकीच्यांना साधी चिठ्ठी, तुझ्या माहितीसाठी या सूचना. पुन्हा लिहायची सक्ती कोणावरच नाही. कृष्णवर्णीय पोरांमधे साध्या चिठ्ठीवाल्यांतल्या १७ टक्क्यांनी निबंध पुन्हा लिहिला, दुसऱ्या चिठ्ठीवाल्यांत ते प्रमाण ७० च्या वर गेलं. पोरं मोजकीच होती, त्यामुळे आकडा छातीवर लावून फिरू नये, पण ती चिठ्ठी नीट वाचा, त्यात माया कुठं संपते आणि मागणी कुठं सुरू होते ते दाखवा मला.

आता साने गुरुजी. आपल्या खान्देशात मास्तरकी केली म्हणून सांगतो, त्यांचा फोटो टाकून 'बघा, नुसत्या प्रेमानं पोरं घडतात' म्हणणाऱ्यांना त्यांच्याबद्दल नक्की किती माहितीय? १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात होते, छात्रालय सांभाळायचे, पोरांच्या खोल्या स्वतः झाडायचे, कपडे धुवायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण छात्रालयासाठी हातानं लिहून दैनिक काढायचे हे विसरतात. रोज. हा माणूस ढिला कुठून झाला? १९४७ ला पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना उघडं व्हावं म्हणून उपोषणाला बसले आणि मंदिर उघडायचं ठरल्याशिवाय उठले नाहीत. डोळ्यात पाणी यायचं म्हणून आपण त्यांना मऊ समजतो.

भाषेच्या बाबतीत तर हा घोळ आमच्याकडं रोजचा. दुसरीतलं पोरगं लिहितं, 'काल मी वावरमा गयथू'. एक सर वर्गासमोर मोठ्यानं वाचून दाखवणार आणि सगळा वर्ग हसवणार. दुसरे सर म्हणणार जाऊ द्या, अहिराणीवाली पोरं, यांना काय शुद्ध येणार, आणि वही पुढं सरकवणार, वर पुन्हा मातृभाषेचा आदर म्हणून भाषण पण देणार. मी ते वाक्य खोडत नाही, ते बरोबरच आहे, खाली लिहितो 'आता हेच पुस्तकातल्या मराठीत लिही, दोन्ही राहू दे'. आणि चौथीपर्यंत तो 'काल मी शेतात गेलो होतो' न अडखळता लिहिणार म्हणजे लिहिणार, त्यात तडजोड नाही. भिली किंवा पावरी बोलणारं पोरगं असेल तर आणखी वेळ देऊ, पण पोचायचं त्यालाही तिथंच.

शिक्षण हक्क कायद्याचंही आपण तसंच केलं. आठवीपर्यंत मागं ठेवू नका एवढंच कलम १६ सांगत होतं, आपण त्याचा अर्थ काढला की आलं नाही तरी चालतं. मग २०१९ ला दुरुस्ती झाली, पाचवी-आठवीला परीक्षा आली, नापास झाला तर निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा, आणि त्यातही नापास झाला तर त्याच वर्गात ठेवायची मुभा राज्यांना मिळाली. लगेच कडकवाले खूश. पण त्या दोन महिन्यांत त्या पोराजवळ बसणार कोण, यावर ग्रुपवर एकानं पण चकार शब्द काढला नाही.

हे सगळं ऐकल्यावर एक प्रश्न हमखास येतो, मग सर, वही किती वेळा परत करायची, पोरगं कंटाळत नाही का? कंटाळतं ना. माझा हिशोब तीन वेळा. तिसऱ्यांदा तीच चूक आली तर ती पोराची नसते, माझ्या शिकवण्यात काहीतरी राहिलेलं असतं, मग वही बाजूला, नोटा किंवा काड्यांचे गठ्ठे काढायचे आणि खाली सतरंजीवर बसायचं. पटावर ३१ आहेत म्हणून जमतं, साठ असते तर कदाचित मी पण शिक्का विकत घेतला असता. आत्ता समोर ९ वह्या आहेत, सगळ्या काल परत केलेल्या, त्यातल्या दोघांची आज तिसरी वेळ.