मरण वगळलं आणि विनोद आला: 'मंकी आयलंड' या कॉम्प्युटर गेमची पार्श्वभूमी

१९८४ साली सिएरा कंपनीचा 'किंग्ज क्वेस्ट' आला तेव्हा साहसी गेम खेळायचा म्हणजे कीबोर्डवर आज्ञा टाइप करायच्या. नेमका शब्द सुचला नाही की गाडं अडायचं आणि पाऊल चुकलं की नायक मरायचा. लुकासफिल्म गेम्समधल्या रॉन गिल्बर्टने १९८७च्या 'मॅनियॅक मॅन्शन'मध्ये क्रियापदं पडद्यावरच मांडली. 'उघड'वर क्लिक, मग दारावर क्लिक. त्यामागच्या प्रणालीचं नाव स्कम. टायपिंग गेलं, मरण मात्र राहिलं.

१९८९ मध्ये गिल्बर्टने एका लेखात आपलं म्हणणं मांडलं: लक्षपूर्वक खेळणाऱ्याला न मरता शेवट गाठता आलाच पाहिजे. पुढच्याच वर्षी आलेला 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' या विचारातून घडला. तेव्हा चलती होती राजे-जादूगारांच्या कथांची, आणि त्या गिल्बर्टला आवडत नसत. म्हणून त्याने समुद्री चाचे निवडले. त्यांचं वातावरण त्याला डिस्नेलँडमधल्या चाच्यांच्या राइडमध्ये सापडलं होतं. लेखनाला टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन हे दोघे नवखे जोडीला आले.

माझ्या मते या गेमचा विनोद मरण वगळल्यामुळेच इतका फुलला. चुकीच्या प्रयत्नाला शिक्षा नाही, मग खेळाडू काहीही करून बघतो आणि दर वेळी नवं काहीतरी ऐकायला मिळतं. सर्वांत सुंदर उदाहरण तलवारबाजीचं. जुन्या चित्रपटांत तलवारी खणखणत असताना योद्धे एकमेकांना टोमणे मारतात, तिथून ही कल्पना आली. इथे जिंकायचं ते हजरजबाबीपणाने. नायक गायब्रश हरत हरत टोमणे आणि त्यांची उत्तरं गोळा करतो. मग गाठ पडते तलवारबाजीत निष्णात असलेल्या कार्लाशी. तिचे टोमणे अगदी वेगळे, आणि जुनीच उत्तरं त्यांना चपखल बसवायची! कोड्याची इतकी देखणी रचना मी क्वचितच पाहिली आहे.

मरणाची एक जागा तेवढी ठेवली आहे. गायब्रश पाण्याखाली दहा मिनिटं श्वास रोखू शकतो. तेवढा वेळ खेळाडू खरंच थांबला तर तो बुडतो.

दुसरा भाग १९९१चा. १९९२ मध्ये गिल्बर्टने कंपनी सोडली, पुढचे भाग इतरांनी केले. २०१२ मध्ये डिस्नेने लुकासफिल्म विकत घेतली तेव्हा या मालिकेचे हक्कही त्याच डिस्नेकडे गेले. २०२२ मध्ये गिल्बर्ट आणि ग्रॉसमन 'रिटर्न टू मंकी आयलंड' घेऊन परतले. त्यात अडलेल्या खेळाडूसाठी गायब्रशच्याच सामानात इशाऱ्यांची वही दिलेली आहे.