लाल साडी आणि बिचारा बैल

"लाल साडी नेसून गोठ्यात जाऊ नको, बैल मारेल." गावाकडे नव्या सुनेला हे कुणीतरी सांगतंच. बैलाला मात्र त्या लालाचं काहीच नसतं. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या, गुरांच्या डोळ्यात दोनच. लाल आणि हिरवा त्यांना नीट वेगळे दिसत नाहीत. स्पेनच्या झुंजीत बैल धावतो तो हलणाऱ्या कापडावर. सुरुवातीचं मोठं कापड तर बहुधा गुलाबी-पिवळं असतं, त्यावरही तो तसाच चालून जातो.

मग गोठ्यात बिथरतो कशाने? फडफडणाऱ्या पदराने, किंवा मागून गुपचूप आलेल्या माणसाने. गुरांचे डोळे डोक्याच्या बाजूंना. जवळजवळ चहूकडचं दिसतं, शेपटीच्या थेट मागचं तेवढं दिसत नाही. तिथून अचानक हात लावलात तर लाथ बसायचीच, साडी पांढरीशुभ्र असली तरी. बाजूने, हाक देत जावं. एक कान तुमच्याकडे वळला, की त्याला कळलं.

मोकळा खोंड पुढे काढायचाय? खांद्याच्या जरा मागे, बाजूला उभं राहून एक पाऊल त्याच्याकडे टाका. चालू लागला की थांबा. खांद्यापुढे गेलात तर तो मागे सरतो. शेपूट पिरगाळायची वेळ सहसा येत नाही.