"किल्ला कुठे आहे?" : एकट्याने चंद्रपूर पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी

आमच्याकडे मुक्कामाला येणारे बरेच पाहुणे आता एकेकटेच येतात. पाठीवर एक बॅग, हातात मोबाइल. खोलीत सामान ठेवलं की पहिला प्रश्न ठरलेला: "किल्ला कुठे आहे? वर चढायला किती वेळ लागतो?" आम्ही दरवेळी समजावून सांगतो, पण तोवर पाहुण्याची एक सकाळ वाया गेलेली असते. म्हणून हे पत्रक काढलं. निघण्याआधी वाचलंत तर जास्त कामाला येईल.

चंद्रपूरचा किल्ला शहरात शोधायचा नसतो. अख्खं जुनं शहरच किल्ल्यात आहे. रायगड, देवगिरी पाहिलेली नजर डोंगर शोधते आणि इथे डोंगर नाही. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट आणि मधल्या सपाट जमिनीला गोंड राजांनी घातलेला दगडी परकोट, म्हणजे तटबंदी. चार दिशांना चार दरवाजे: उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे पायी ये-जा करायची लहान दारं: बगड, हनुमान, विठोबा, मसण आणि चोर. आत बाजार, शाळा, दवाखाने, घरं. तुम्ही जटपुऱ्यातून रिक्षानं गांधी चौकात गेलात की किल्ल्यात शिरलात, फक्त कुणी सांगितलं नाही एवढंच.

आता वेळ खाणारी खरी चूक. तिकीट काढताना लोकांना 'चांदा फोर्ट' हे स्टेशन दिसतं. नावातच फोर्ट आहे, म्हणजे किल्ला दारातच असणार, असं वाटून तिथलं तिकीट काढतात. शहरात दोन स्टेशनं आहेत. 'चंद्रपूर' हे नागपूर-बल्लारशाह मार्गावर आणि 'चांदा फोर्ट' हे गोंदिया-नागभीड-बल्लारशाह मार्गावर. १९६४ पर्यंत शहराचं नाव चांदाच होतं, ते त्या स्टेशनाला चिकटून राहिलं. तिथे उतरून किल्ला दिसत नाही. गेल्या हिवाळ्यात पुण्याचे एक गृहस्थ तिथे उतरले, दोन तास विचारत फिरले, आणि आमची गाडी दुसऱ्या स्टेशनावर त्यांची वाट पाहत उभी. सकाळचा सगळा थंडावा गेला. त्यांचाही गेला आणि त्या गाडीतून फिरायला निघालेल्या दुसऱ्या पाहुण्याचाही. गोंदियाकडून येणाऱ्यांना चांदा फोर्टच सोयीचं आहे, त्यांनी खुशाल उतरावं. पण आधी कळवावं.

आणखी एक. आमचं घर चंद्रपूरजवळच्या भद्रावती शहराच्या बाजूला आहे. भद्रावतीच्या स्टेशनाचं नाव 'भांदक'. भद्रावती नावाचं स्टेशन इथे शोधू नका.

दुसरी तक्रार वेळेची. "इतक्या पहाटे कशाला? आम्ही सुट्टीवर आहोत," असं पाहुणे म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं आम्हाला कळतं. तरी मार्च ते जून आमची गाडी पाचला निघते आणि अकराच्या आत परत येते. त्यानंतर पैसे जास्त दिले तरी आम्ही कुणाला परकोटावर नेत नाही. चंद्रपूरचं ऊन काय असतं ते उन्हाळ्यात पेपरात रोज छापून येतं. तापलेला दगड खालून भाजतो आणि सूर्य वरून. चार जण सोबत असले तर एकाला चक्कर आली तरी बाकीचे सांभाळतात. एकट्या माणसाला कोण सांभाळणार? आमच्याकडे येणारा माणूस आमच्या भरवशावर येतो. हिवाळ्यात सहाला निघतो, तेव्हा घाई नाही.

पहाटेचं दुसरं कारण जटपुरा दरवाजा. दिवस वर आला की तिथे गाड्यांची इतकी गर्दी होते की मान वर करून पाहायला उभं राहता येत नाही. उजाडताना दरवाजा मोकळा असतो. तेव्हा कमानीच्या बाजूला वर पाहा, हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला दिसेल. ती गोंड राजांची निशाणी. एकदा ओळखलीत की पुढच्या दरवाजांवर तुम्ही स्वतःच ती शोधाल. एकट्यानं फिरण्याची खरी मजा इथेच आहे. एका दगडापाशी दहा मिनिटं उभं राहिलात तरी "चला ना आता" म्हणणारं कुणी नसतं.

तिथून बगड खिडकीकडे या. रामाळा तलावाच्या अंगाला परकोटावर चालता येतं. काही वर्षांपूर्वी इथे फक्त झाडोरा होता. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या मुलांनी रोज पहाटे श्रमदान करून बुरूज आणि वाट मोकळी केली. त्या मोकळ्या भागातच चाला. जिथे झुडपं आहेत तिथे एकट्यानं शिरू नका, साप असतात, आणि पावसाळ्यात दगडावर शेवाळ धरतं. परकोटाला लागून लोकांची घरं आहेत. कुणाच्या अंगणातून जायचं झालं तर "काकू, इकडून जाऊ का?" असं विचारा. बहुतेक वेळा वाट मिळते आणि कधी चहाही.

मग ऑटोनं अंचलेश्वर दरवाजा. इथे घाई करू नका. राजा खांडक्या बल्लाळ शाहच्या अंगावर फोड होते, झरपटीच्या पाण्यानं ते बरे झाले, म्हणून तिथे अंचलेश्वराचं देऊळ झालं, अशी कथा आहे. कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला, तो ज्या वाटेनं धावला त्या वाटेवर राणीच्या सांगण्यावरून परकोट उभा राहिला, हीदेखील त्याच राजाची कथा. देवळाजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यात सर्वांत मोठी बीरशाहची, त्याची राणी हिराई हिनं बांधलेली. नवऱ्याच्या खुनानंतर दत्तक मुलगा लहान असताना या बाईनं राज्य चालवलं, आणि महाकालीच्या देवळाचं कामही तिचंच. एकट्या येणाऱ्या ताई या समाधीपाशी बराच वेळ बसतात, असं आमचा ड्रायव्हर सांगतो. महाकालीचं देऊळ जवळच आहे. चैत्रात यात्रा भरते, मराठवाड्यातून आणि तेलंगणातून माणसांचा लोंढा येतो. त्या दिवसांत फक्त यात्रेसाठी या, किल्ल्यासाठी नको.

१७५१ मध्ये चांदा नागपूरच्या भोसल्यांकडे गेलं आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून ते घेतलं. चाळीस वर्षांनी, २१ ऑक्टोबर १८५८ ला, इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे गोंड वीर बाबुराव शेडमाके यांना इथल्याच तुरुंगात फाशी दिलं. त्या तारखेच्या आसपास आलात तर सांगा, आम्ही सोबत येऊ.

वेळ उरला तर लालपेठेजवळचं अपूर्ण देवालय बघा. रायप्पा नावाच्या कोमटी सावकारानं मोठं शिवमंदिर बांधायला घेतलं आणि त्याच्या मृत्यूनं ते राहिलं. अजस्र मूर्ती उघड्यावर आहेत. दहा तोंडांच्या देवीला लोक रावणच म्हणतात. बिनबा आणि पठाणपुरा संध्याकाळी ठेवा.

एकट्याचे आणखी दोन प्रश्न. खोली एकट्याला देतो आणि जादा आकार घेत नाही. गाडी एकट्याला महाग पडते हे खरं. त्यासाठी त्या दिवशीच्या दोन-तीन पाहुण्यांना विचारून एकत्र नेतो. शहरात उतरलात की प्रत्येकानं आपापलं फिरावं, परतीची वेळ तेवढी एक. सकाळी दहाला आम्ही एक फोन करतो. काही पाहुण्यांना तो नको वाटतो, पण तो आम्ही बंद करणार नाही. उचला, "बरं आहे" एवढं म्हटलं तरी पुरे. दुपट्टा, पाण्याची बाटली आणि खिशात कांदा आमच्याकडून. दुपारी घरी परतल्यावर गोळाभात आणि कढी तयार असते, उन्हाळ्यात कैरीचं पन्हं.

एका रात्रीत हे सगळं होत नाही. दुसऱ्या सकाळी भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी, भद्रनागाचं देऊळ आणि जैन मंदिर पाहून दुपारच्या गाडीला लागता येतं. ताडोबाला आलेल्यांसाठी सांगतो, मंगळवारी तिथल्या कोअर (गाभा) भागातली सफारी बंद असते. तो दिवस चंद्रपूरला द्या. आमच्याकडे मंगळवारच्या खोल्या लवकर भरतात.

खोली राखताना तीन गोष्टी कळवा: तिकिटावरचं स्टेशनाचं नाव जसंच्या तसं, गाडी पोचण्याची वेळ, आणि पहाटे चहा लागतो की दूध. फोन नंबर मागच्या पानावर आहे. रात्री नऊनंतर मेसेज करा, आम्ही लवकर झोपतो.